बकुळाचा बस्ता

माझी नणंद बकुळा दुकानात कधी दमली नाही. मी जन्माचीच दमलेली. अंगणवाडीत तीस पोरांना खिचडी वाढायची, घरी येऊन सहा माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, लावणीच्या दिवसांत वर चिखलात वाकायचं, त्यात कुणीही दमेल. पण बकुळा नुसती उल्हासनगरला जायला निघाली, तिनं चपला पुसून उंबऱ्याशी ठेवल्या, की इकडे माझ्या पोटऱ्या दुखायला लागत. ही बाई तिथे चार-चार तास उभी राहणार, शे-दोनशे साड्या उलगडून घेणार, आणि परत येताना हातात काय असणार, तर वीतभर कटपीस. ह्याला खरेदी म्हणतात का, असं मी तिला एकदा फणकाऱ्यानं विचारलं होतं. "वयनी, घेतली का मजा संपली," असं म्हणून तिनं ते कापड माझ्या मनगटावर ठेवून बघितलं आणि नापसंतीनं मान हलवली.

आम्ही बदलापूर गावात राहत होतो, म्हणजे स्टेशनच्या गजबजाटापासून लांब, नदीच्या अंगाला. सासरे महिपती भातशेती करायचे, सासूबाई रखमाबाई घर सांभाळायच्या आणि आम्हा दोघींना धाकात ठेवायच्या, आणि माझा नवरा हिरामण अंबरनाथला एका कंपनीत पाळीवर जायचा. मी मुरबाडकडची, दहावी पास. चौऱ्याऐंशी साली ह्या घरात आले. बकुळा तेव्हा एकोणीस वर्षांची होती. उंच, खांद्यात रुंद, नाकीडोळी नीटस, आणि सावळी म्हणण्यापेक्षा काळीच. आमच्याकडे काळी हा शब्द मुलीच्या तोंडावर कुणी म्हणत नाही, तिच्या आईला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणतात.

तिला कपड्यांचं वेड कुठून लागलं कोण जाणे. घरात टीव्ही नव्हता, मासिकं येत नव्हती, आरसा होता तो तळहाताएवढा. महाशिवरात्रीला सगळं गाव अंबरनाथला शिवमंदिरात जाई. बकुळाही तासन्‌तास रांगेत उभी राही, पण ती रांगेतल्या बायका बघायला. कल्याण-डोंबिवलीच्या बायका काय नेसून आल्यात, पदर कुठवर सोडलाय, ब्लाउजच्या बाह्या फुग्याच्या आहेत की कोपरापर्यंत, ब्लाउज मॅचिंग आहे की मुद्दाम उलट रंगाचा काढलाय. गाभाऱ्याशी पोचेपर्यंत तिचं दर्शन होऊन गेलेलं असे. पिंडीवर काय फुलं होती असं सासूबाईंनी विचारलं तर सांगता येत नसे. पुढच्या बाईच्या चिंतामणी रंगाच्या साडीला कसा काठ होता, ते मात्र चार दिवस ऐकावं लागे.

तिचं नाव झालं ते बस्त्यामुळे. लग्नाच्या कपड्यांची खरेदी म्हणजे बस्ता, हे काही मी सांगायला नको. पण आमच्या बाजूची रीत सांगायला हवी. दोन्हीकडची वडीलधारी माणसं एकाच टेंपोत बसतात आणि एकाच दुकानात जातात. नवरीचा शालू नवऱ्याकडचे घेतात, नवऱ्याचे कपडे नवरीकडचे. मग मानाच्या साड्या, आत्या, मामी, मावशी, काकू, करवल्या, असं करता करता दिवस कलतो. त्या टेंपोत एकच माणूस नसतं, ते म्हणजे नवरी. नवरीनं स्वतःच्या बस्त्याला जायचं नाही. उतावळी दिसते, म्हणतात. तिचा शालू दुसऱ्याच कुणी तरी पसंत करायचा आणि तिनं मुकाट्यानं नेसायचा.

ब्याऐंशी साली बकुळाच्या चुलत बहिणीचं, येसूचं लग्न ठरलं आणि सतरा वर्षांची बकुळा त्या टेंपोत कशीबशी घुसली. मी तेव्हा घरात नव्हते, पण हा प्रसंग मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय की आता मला मी तिथे होते असंच वाटतं. उल्हासनगर कॅम्प चारमधलं टेकचंद शेठचं दुकान. पांढऱ्या गाद्या, वर ट्यूबलाइटची रांग, आल्या-आल्या चहा. साडी दाखवायची तिथली पद्धत अशी, की दुकानातला माणूस पदर स्वतःच्याच खांद्यावर टाकून आरशासमोर उभा राही. सिंधी माणूस, गोरापान. त्याच्या अंगावर गोणपाटसुद्धा खुललं असतं. आमच्या बायका बसल्या जागी माना डोलवायला लागल्या. गुलाबी शालू जवळजवळ ठरलाच होता.

"आमची येसू तुमच्यासारखी गोरी नाय," बकुळा मागून म्हणाली.

"अरे बेटी, लाइट में देखो ना, कैसा चमकता है," टेकचंद शेठ म्हणाले.

"आमच्या मांडवात लाइट नसतो. ऊन असतं."

एवढं बोलून तिनं त्या माणसाच्या खांद्यावरचा शालू ओढून घेतला आणि सरळ दुकानाबाहेर गेली. शेठ गल्ला सोडून मागे धावले. माल बाहर नहीं ले जाने का, असं ते ओरडत होते, आणि आमच्या बायका पोरीच्या आगाऊपणानं लाजून पदरात तोंड लपवत होत्या. बकुळा गटाराच्या कडेला भर दुपारी उन्हात उभी राहिली आणि पदर खांद्यावर टाकून वळली. येसूचा आणि तिचा रंग एक. ट्यूबखाली लखलखणारा तो गुलाबी शालू उन्हात नुसता पत्र्यासारखा तळपला आणि त्याच्या वरचा पोरीचा चेहरा विझून गेला. हे सगळ्यांना दिसलं. मग एकामागून एक आठ शालू बाहेर आले आणि आत गेले. नववा डाळिंबी होता. येसूच्या लग्नात सासरच्या बायका एकमेकींना म्हणत होत्या, की बघायला गेलो तेव्हा पोरगी एवढी देखणी नव्हती.

त्यानंतर आमच्या गावचा पुढचा बस्ता गेला तेव्हा टेकचंद शेठनीच विचारलं म्हणे, "वो धूपवाली लडकी नहीं आई?"

माझा शालूही तिनंच काढला. मला बघायला आले होते तेव्हा ती एका कोपऱ्यात गप्प बसली होती. तिनं माझ्याकडे पाणी मागितलं आणि मी पेला दिला तेव्हा पेल्याऐवजी माझं मनगट बघत राहिली. मला वाटलं, बांगड्या मोजतेय. महिन्याभरानं शालू आला तो आमसुली. माझी आई डोळ्याला पदर लावून बसली. सोन्यासारख्या पोरीला हा काय वाळक्या सोलाचा रंग, म्हणाली. मीही मनातल्या मनात ह्या नणंदेला शिव्या दिल्या. लग्नाच्या दिवशी मांडवात उभी राहिले, कनातीच्या फटीतून ऊन अंगावर आलं, आणि समोरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मी काही रूपवान नाही. ना काळी ना गोरी, मधलीच कुठली तरी. पण त्या एका दिवसापुरती मी होते. आजही तो फोटो बघणारे ही कोण म्हणून विचारतात आणि मी सांगितलं की पुन्हा माझ्याकडे बघतात.

त्याचं तिला काय मिळालं? एक ब्लाउजपीस आणि उसाचा रस. प्रत्येक बस्त्याला हेच मिळे. पुढच्या दहा वर्षांत तिनं किती नवऱ्या सजवल्या त्याला गणती नाही. बारवीच्या बाजूच्या पाड्यांपासून वांगणीपर्यंत कुठेही लग्न ठरलं की बाया आमच्या ओटीवर येऊन बसत. आधी बकुळा त्या मुलीला जाऊन बघून येई. चेहरा नाही, मनगटाची आतली बाजू. चेहरा उन्हानं रापलेला असतो, तो खोटं सांगतो, असं तिचं म्हणणं. मग बस्त्याच्या दिवशी दुकानाच्या दारात ती स्वतः नवरीच्या जागी उभी राही. मुलगी तिच्याहून उजळ असली तर तेवढ्या उजळ रंगाची कुणी तरी बाई टेंपोतूनच उचलून उन्हात उभी करी. टेकचंद शेठनी शेवटी दाराबाहेर एक स्टूल ठेवलं. येणारे-जाणारे थांबून बघत. पोळी-भाजी बांधून न्यायची तिला कधी आठवण राहिली नाही.

परत आली की मी भांडी घासत असताना ती माझ्यामागे उभी राहून बोलत राही. आता शिफॉन मागे पडलं, आता जॉर्जेट. काठ मोठा नाही चालत आता, बारीक काठ नि मोठा पदर. मॅचिंग सेंटरवाल्याकडे अबोलीच्या सात छटा आल्यात, सात. मी म्हणे, "बकुळा, हे पातेलं घे, विसळ." ती पातेलं हातात घेऊन तसंच उभी राही आणि आठवी छटा कशी असायला हवी होती ते सांगे.

तिच्या स्वतःच्या पेटीत साड्या चार. त्यातल्या दोन माझ्याच, मी नेसून जुन्या केलेल्या. कटपीसांतून मात्र तिनं काय काय करून ठेवलं होतं. एकदा तर चक्क पंजाबी ड्रेस शिवला, घेरदार, खाली सलवार, गळ्याला वेगळ्या रंगाची पट्टी. सासरे शेतावर आणि सासूबाई मयताला गेल्या होत्या, तेव्हा घालून ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गोल फिरली. मला हसू आलं. आवडलं म्हणून हसले की कसंसंच वाटलं म्हणून, ते मला आज सांगता यायचं नाही. तिनं मात्र एकच अर्थ घेतला. ड्रेस काढून घडी करून पेटीच्या तळाशी ठेवला आणि पुन्हा मला दाखवला नाही.

तिचं लग्न जमत नव्हतं. रंग हे एक कारण होतंच. दुसरं कारण तिच्या नावानंच तयार केलं. जिच्यासाठी टेकचंदच्या दारात स्टूल ठेवतात ती पोरगी आमच्या घरात कशी टिकायची, असं मुलाकडचे विचारत. खर्चिक असणार. फॅशनवाली असणार. ह्याच घरांच्या मुली-सुनांचे शालू तिनं फुकटात काढून दिलेले असत, ते कुणाला आठवत नसे. मध्यस्थ म्हणून येणारी आमची शेजारीण भिमाबाई सासूबाईंना म्हणे, "रखमे, तिला आधी उल्हासनगर सोडायला सांग." सासूबाई दोन महिने तिचं जाणं बंद करत. मग कुणाचा तरी बस्ता निघे, बाया हातापाया पडत, आणि बकुळा पुन्हा चपला पुसायला घेई.

पण सत्तावीस-अठ्ठावीसची झाली तेव्हा मात्र तिच्यात काही तरी निवत चाललं होतं. एका आठवड्यात तीन बस्ते होते. तिसऱ्याहून आली ती ओटीवरच पाय पसरून बसली आणि म्हणाली, "वयनी, खांदे दुखतात गो." शालूला वजन असतं, जरीच्या शालूला तर फारच. दिवसभर चढवायचे आणि उतरवायचे. मी तेल घेऊन चोळायला बसले. माझेही हात गळून गेलेले. चोळता चोळता मला वाटलं, आता आम्ही दोघी सारख्या झालो.

त्र्याण्णव साली वांगणीचं स्थळ आलं. रघु, बिजवर, पहिली बायको तापानं गेलेली, पदरात पाच वर्षांची मुलगी. थोडी भातशेती आणि स्टेशनबाहेर सायकल दुरुस्तीचं दुकान. माणूस शांत. बकुळानं नाही म्हटलं नाही, हो म्हणतानाही फार काही बोलली नाही. फक्त एकदा, तांदूळ निवडत असताना, तिनं सासूबाईंना विचारलं, "आये, माझ्या बस्त्याला मी जाऊ?"

सासूबाईंनी मान वर केली नाही. "अन लोकांना काय सांगू? पोरगी म्हातारी झाली, तिला आता दम निघत नाय म्हणून?"

बकुळा सुपातले खडे वेचत राहिली. संध्याकाळी माझ्यामागे येऊन उभी राहिली, नेहमीसारखी.

"वयनी, आपल्याकडून तू जाशील ना?"

"जावंच लागेल. सासूबाईंचे गुडघे धरलेत."

"रंग मी सांगत नाय. सांगून रंग कळत नाय. तू फक्त दाराबाहेर नेऊन बग. कुणाच्या तरी अंगावर टाक, माझ्यासारखी कुणी पन दिसेल रस्त्यात. पन उन्हात बग. घाई करू नको."

"बरं."

"एकदाच नेसायचाय मला, वयनी."

"अगं, हो म्हटलं ना."

इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. तिला दागिना नको होता, मोठा मांडव नको होता. आपण जे सगळ्यांसाठी केलं ते कुणी तरी एकदा आपल्यासाठी करावं, एवढंच. ते मला तेव्हाही कळलं होतं. न कळून केलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते.

बस्त्याच्या दिवशी सकाळी माझ्याकडे अंगणवाडीत पोरांची वजनं घ्यायची होती. तीस पोरं काट्याला लटकवली, वहीत आकडे लिहिले. माझ्या धाकट्याला दोन दिवस ताप होता, रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसले होते. तसाच त्याला सासूबाईंच्या हवाली केला आणि टेंपोत चढले. रघुची आई आवडीबाई आधीच बसलेल्या होत्या. साधी बाई, तीही थकलेली. "सात वर्षांमागं ह्याच पोराचा बस्ता केलाय," त्या मला म्हणाल्या. "परत तेच करायचं म्हंजी जिवावर येतं गो बाय." आम्ही दोघी टेंपोच्या फळीवर एकमेकींना टेकून बसलो. अंबरनाथ कधी गेलं ते मला कळलं नाही, माझा डोळा लागला होता.

टेकचंद शेठ म्हातारे झाले होते. मला बघून म्हणाले, "धूपवाली किधर है?"

"तिचंच लग्न आहे, शेठ."

म्हातारा गादीवरून उठला. मुलाला बाजूला सारून स्वतः वरच्या फळीवरचे खोके काढायला लागला. "उसके लिए? रुको साईं, रुको. आज अच्छावाला माल निकालता हूं." माझ्यासमोर शालूंचा ढीग पडला. मोरपंखी होता, विटकरी होता, गडद जांभळा होता. मला सगळे सारखेच दिसत होते. वर ट्यूबलाइट डोळ्यांत घुसत होते. आवडीबाईंनी हाताशी असलेला एक राणी रंगाचा शालू ओढला. "ह्यो कसा भरलेला दिसतोय," म्हणाल्या. दुकानातल्या पोरसवदा माणसानं तो लगेच खांद्यावर टाकला. तोही गोरापान.

"बाहर ले जा के देखो," टेकचंद शेठ मला म्हणाले. "वो क्या बोलेगी?" त्यांनी स्वतः दाराकडे बोट केलं. स्टूल तिथेच होतं.

बाहेर ऊन होतं. दहा पावलं. एखादी भाजीवाली, एखादी कामवाली, बकुळाच्या रंगाची बाई मिळायला दोन मिनिटं लागली असती. टेंपोवाला हॉर्न देत होता, त्याला पुढचं भाडं होतं. घरी पोर तापलेलं. मला फक्त बसून राहायचं होतं. तिला नाही म्हणायचं असं माझ्या मनात नव्हतं. एखादा जुना रागही मी शोधून बघितलाय, म्हणजे तसं कारण तरी सापडेल, पण तोही नव्हता. मी दमले होते, दुसरं काही नाही.

"नको शेठ," मी म्हटलं. "चालेल हाच."

अर्ध्या तासात सगळा बस्ता उरकला. असा लवकर उरकलेला बस्ता आमच्या गावात कुणी बघितला नव्हता.

बकुळा अंगणातच वाट बघत होती. तिनं खोका माझ्या हातातून घेतला, तिथेच उघडला, पदर काढून हातावर धरला. ऊन अजून होतं. मी चपला काढायच्या निमित्तानं वाकले.

"उन्हात बघितलास ना?" तिनं विचारलं.

"बघितला तर."

मी वर बघितलं तेव्हा ती शालूकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तिनं तो नीट घडीवर घडी घालून खोक्यात ठेवला. "पोराचा ताप उतरलाय," म्हणाली. "जेवून घे. तुझं तोंड बग कसं झालंय."

लग्न वैशाखात, आमच्याच अंगणात. बकुळा बाहेर आली आणि ऊन त्या राणी रंगावर पडलं. येसूच्या वेळी गटाराच्या कडेला जे झालं होतं तेच पुन्हा झालं, फक्त आता आठ शालू आत-बाहेर करायला वेळ नव्हता. शालू एकटाच लकाकत होता, माणूस दिसतच नव्हतं. मांडवात बसलेल्या अर्ध्याअधिक बायका तिनंच सजवलेल्या. त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. भिमाबाईंना हळू बोलता येत नसे.

"कोनी काढला गो ह्यो शालू?"

सगळ्यांनी आधी आवडीबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. बस्त्याला आम्हीच गेलो होतो हे गावाला ठाऊक होतं. आवडीबाई माझ्याकडे हात करून काही तरी म्हणणार होत्या.

"मीच," बकुळा म्हणाली. "मीच वयनीला सांगून पाठवलेलं. मला राणीच पायजे व्हता."

"तू?" भिमाबाई म्हणाल्या. "अन आमच्या पोरींना डाळिंबी नि आमसुली काढून देत व्हतीस ती?"

"त्यांचं येगळं," बकुळा म्हणाली आणि हसली. "सोताचं सोताला कळत नाय."

कुणी तरी हसलं. कुणी तरी म्हणालं, म्हंजे एवढी वर्षं नशिबानंच जमत होतं म्हणायचं. दुसरी म्हणाली, दुकानदारच सांगत असेल, ही नुसती उभी राहत असेल. भटजींनी घाई केली, अंतरपाट धरला गेला. मी अक्षता वाटायला पुढे झाले. एक वाक्य बोलायचं होतं, तेही मला जमलं नाही.

तिच्याजवळ काय होतं? रूप नव्हतं, पैसा नव्हता, शिक्षण नववीपर्यंत. एक नजर होती आणि त्या नजरेचं नाव होतं, दहा वर्षं खांदे दुखवून कमावलेलं. ते तिनं भर मांडवात माझ्यासाठी देऊन टाकलं. मला चार बायकांनी चार शब्द सुनावले असते, दुसरं काय झालं असतं? तेवढेही माझ्या वाटेला येऊ नयेत असं तिला वाटलं. मला ह्याची लाज वाटते, आणि कधी कधी तिचा रागही येतो. इतकं कुणी कुणासाठी करू नये.

वांगणीत तिला बस्त्याला कुणी बोलावलं नाही. बातमी तिच्या आधी पोचली होती. इकडच्याही बाया आमच्या ओटीवर यायच्या बंद झाल्या. मी वर्षातून दोनदा तिच्याकडे जाते. रघु चांगला वागतो. सावत्र मुलीला ती फ्रॉक शिवते, नीट शिवते, पण दुकानातून जे कापड येईल त्याचे. बाजारात नवीन काय आलंय ते ती मला सांगत नाही. मी भांडी घासायला घेतली तर हातातून काढून घेते आणि म्हणते, बस गो, दमून आलीस. गेल्या खेपेला मी मुद्दाम एक साडी नेली होती, अबोली. तिनं ती आतल्या खोलीत, अंधारातच, उघडली, "चांगली हाय," म्हणाली, आणि ठेवून दिली.

ह्या वर्षी, म्हणजे सत्त्याण्णवच्या माघात, भिमाबाईंच्या नातीचा बस्ता निघाला. टेंपो आमच्या दारात थांबला. भिमाबाई खाली उतरल्या.

"विठा, चल गो. तू चल. तुझ्या शालूची अजून लोक याद काढतात. नजर हाय तुला."

"माझा शालू बकुळानं काढला होता," मी म्हटलं.

"असंल. पन सोताचा काढताना काय झालं ते बघितलंच की."

तेव्हा मी सांगितलं. चार वर्षांनी, दारात उभी राहून, टेंपोतल्या सात बायकांच्या देखत सगळं सांगितलं. शालू बकुळानं काढला नव्हता, तिनं रंगच सांगितला नव्हता, उन्हात बघ एवढंच म्हणाली होती, आणि मी दहा पावलं गेले नाही. तिला मी खोटं सांगितलं. तिनं मांडवात मला वाचवलं. सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. मला वाटलं, आता तरी तिचं नाव तिला परत मिळेल.

भिमाबाईंनी माझ्या पाठीवर हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"बघा गो," त्या टेंपोतल्या बायकांना म्हणाल्या. "नणंदेची लाज राखायला बाई सगळं सोताच्या अंगावर घेते. अशी वयनी मिळायला भाग्य लागतं."

बायकांनी सरकून मला जागा केली. मी अजून एकदा सांगायला तोंड उघडलं, पण कुणी ऐकत नव्हतं. चल, चल, उशीर होतोय, म्हणत त्यांनी मला हाताला धरून वर घेतलं. मला ओढाताण करायची ताकद नव्हती, मी बसले.